विसापूर, सकाळी आठ, नवा ड्रेस

उंब्रजच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात एका सोमवारी चांदसाहेब बँडमास्तरांनी जाहीर केलं, की आजपासून आपल्या बुकिंगची बातमी वाऱ्यालासुद्धा लागणार नाही. हे त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की कराडच्या गाडीत चढणाऱ्या दोन बायका पायरीवरच थांबून वळल्या.

चांदसाहेबांचं वय अठ्ठावन्न. चौदा माणसांचा ब्रास बँड, स्वतःच्या हातात क्लॅरिनेट, आणि चाळीस वर्षं लग्नात वाजवून कमावलेलं नाव. पण गेल्या महिन्यात लागोपाठ दोन लग्नं हातची गेली होती. एक मसूरचं, एक चरेगावचं. दोन्ही वेळेला असं झालं, की चांदसाहेबांनी हॉटेलच्या बाकावर बसून त्या पार्टीला मेसेज लिहिला, आणि संध्याकाळच्या आत नानासो त्यांच्या दारात हजर. नानासोंची बेंजो पार्टी होती आणि त्यांच्या पार्टीचं शटर हॉटेलला लागूनच होतं. माणूस गोडबोल्या. हसत हसत दुसऱ्याचं लग्न घेऊन जायचा.

चांदसाहेबांनी खूप विचार केला. बुकिंगचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात बायकोला, रहिमतबींना, सांगितलं नव्हतं, टेम्पो चालवणाऱ्या पुतण्याला, मुजीबला, सांगितलं नव्हतं. मग ही बातमी फुटली कुठून? उत्तर त्यांना फोनमध्येच सापडलं. मेसेज लिहायला म्हणून 'मसूर' एवढंच टाइप केलं, तर कीबोर्डच्या वरच्या पट्टीत आपोआप शब्द उमटला, 'लग्न'. तो दाबला, तर पुढं आला 'रविवार'. चांदसाहेबांच्या अंगावर काटा आला. म्हणजे हा बाबा आपण लिहिलेलं सगळं ध्यानात ठेवतोय. आणि जो ध्यानात ठेवतो तो सांगणारच.

त्यांची मुलगी मिस्बाह सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं फोनवर समजावलं, की शब्द सुचवायला कीबोर्ड तुमचं लिखाण लक्षात ठेवतो हे खरं. काही कीबोर्ड त्यातलं थोडंफार कंपनीकडं पाठवतात हेही खरं. पण कंपनी ते नानासोंना कशाला कळवेल? हा मुद्दा चांदसाहेबांना पटला नाही. कंपनी मोठी असली तरी तिला ओळखीपाळखी असणारच, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी स्वतःच नवा कीबोर्ड शोधायला घेतला. पहिला जो घेतला त्याच्या बटणांवर चमकी होती आणि दाबलं की फुलं उडायची. त्यानं आल्या आल्या फोनमधल्या सगळ्या नंबरांची यादी मागितली. मग कॅमेरा मागितला. मग तुम्ही आत्ता कुठं आहात ते विचारलं. पोरगी बघायला आलेला पाहुणासुद्धा एवढ्या चौकशा करत नाही, म्हणून चांदसाहेबांनी त्याला घालवला. दुसरा बरा वाटला, पण चालू करताना फोननं मोठी पाटी दाखवली: तुम्ही टाइप कराल तो सगळा मजकूर, अगदी पासवर्डसुद्धा, हा कीबोर्ड गोळा करू शकतो. तोही गेला. तिसऱ्याला तीच पाटी, चौथ्यालाही तीच. गुरुवारपर्यंत सहा कीबोर्ड येऊन गेले आणि चांदसाहेबांचा माणुसकीवरचा विश्वास उडायला आला.

शेवटी मिस्बाहनं एक नाव कळवलं. हा कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही, म्हणाली. बाहेर जायला दारच नाही, तर बातमी जाणार कुठून? जाहिरात नाही, काही नाही. शिवाय त्याचा सगळा कोड कुणीही उघडून वाचू शकतं.

"जेचं सगळं उघडं, ते खाजगी कसं?" चांदसाहेबांनी विचारलं.

"अब्बा, हलवाई कढई दुकानाच्या पुढं का ठेवतो? आत काय काय पडतंय ते लोकांना दिसावं म्हणून. तसंच हे."

हे मात्र त्यांना पटलं. पण तो चालू करताना पुन्हा तीच पाटी आली, सगळा मजकूर गोळा करू शकतो म्हणून. चांदसाहेबांनी घाबरून फोन गादीखाली सारला. मिस्बाहला पुन्हा फोन लावावा लागला. ती म्हणाली, ही पाटी फोन सगळ्यांनाच दाखवतो, चोरालाही आणि साधूलाही. डोळे मिटून पुढं जा. चांदसाहेबांनी खरोखरच डोळे मिटून अंगठा दाबला, आणि नवा कीबोर्ड चालू झाला.

तो खरंच कुणाला काही सांगत नव्हता. अडचण एवढीच, की तो चांदसाहेबांनाही काही सांगेना. पट्टी कोरी. एकेक अक्षर स्वतः शोधायचं. त्यातून ख, घ, थ, ध, भ, फ ही अक्षरं वर दिसतच नव्हती. क धरून ठेवला की ख यायचा, त धरून ठेवला की थ. चांदसाहेबांचा अंगठा पडला क्लॅरिनेटवाल्याचा. पटकन टेकायचा, पटकन उचलायचा. त्यामुळं ख चा क, थ चा त आणि भ चा ब होऊ लागला. आमच्याकडं बोलताना लोक आमी-तुमी करत ह गिळतात. चांदसाहेब आता लिहितानाही गिळायला लागले.

पहिला फटका घरातच बसला. दुपारी पोट जड वाटलं म्हणून त्यांनी रहिमतबींना कळवलं, की आज भात नको. मेसेज गेला, 'आज बात नको'. रहिमतबींच्या माहेरी-सासरी सगळी दखनी बोली. त्यांनी वाचलं, की आज बोलणं नको. बरं, नको तर नको. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. चांदसाहेबांना वाटलं, हिला काहीतरी कळलंय. दोन दिवस तेही जपून वागले, न सांगता पाणी भरलं, आणि रहिमतबींनी नंतर मिस्बाहला कळवलं, की तुझा नवा कीबोर्ड चांगला आहे.

मग बँडच्या ग्रुपवर चांदसाहेबांनी लिहिलं, रविवारी सगळ्यांनी फेटे बांधायचे. गेलं ते, 'पेटे बांदायचे'. गुंडा नावाच्या ढोलवाल्यानं त्याचा अर्थ लावला पेट्या बांधायच्या, म्हणजे मुक्काम आहे. तो सरावाला पत्र्याची ट्रंक आणि वाकळ घेऊन आला.

पण अंगाशी आलं ते तिसऱ्या मेसेजचं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे मदन हे द्राक्षबागाईतदार, बेदाण्याचे व्यापारी. त्यांचा मुलगा सम्मेद याच्या लग्नाचं बुकिंग चांदसाहेबांना मिळालं होतं. जैनांमधलं मोठं घर, लग्न मुलाच्याच गावी, तिथं नाव झालं तर सांगलीपर्यंतची लग्नं मिळणार होती. चांदसाहेबांनी मोठ्या उमेदीनं लिहिलं, तुमच्या दारात असा थाट मांडतो की गाव बघत राहील. मदन यांना पोचलं, 'तुमच्या दारात असा ताट मांडतो की गाव बगत राहील'. त्यांचा लगोलग फोन आला. फार अदबीनं ते म्हणाले, मास्तर, तुमचा भाव कळला, पण जेवणाचं आमी आचाऱ्याला सांगून टाकलंय. आमचं कांदा-लसणाचंही बघावं लागतं. तुमी आपला बँड तेवढा आणा.

पार्टीचं नाव-गाव सोडून बाकीचं चांदसाहेबांनीच सांगून टाकलं, आणि ग्रुपवर दोन दिवस ताट मांडायचीच चर्चा होती. मुजीब तर टेम्पोचं दार उघडून 'बसा, वाढतो' म्हणायला लागला. चांदसाहेबांना ते लागलं. जुना कीबोर्ड परत आणा, असं सगळे म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी एक तोडगा काढला. शब्द जेवढे कमी, तेवढी चूक कमी. जे धरून ठेवावं लागतं ते अक्षर वापरायचंच नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते क्लॅरिनेट काखेत मारून सांगलीला मिस्बाहकडं गेले. सकाळी तिथूनच परस्पर विसापूर गाठायचं, आणि मुजीबनं बाकीच्यांना टेम्पोतून उंब्रजहून आणायचं, असं ठरलं होतं. कुठं आणायचं हे मात्र त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. इतकं मोठं काम शेवटच्या दिवसापर्यंत पोटात ठेवायचं, हा त्यांचा बेत होता. संध्याकाळी मिस्बाहच्या गॅलरीत बसून त्यांनी ग्रुपवर मेसेज लिहिला. पाव तास लागला. लिहून झाल्यावर पोरीला दाखवला.

'विसापूर. सकाळी ८. नवा ड्रेस.'

मिस्बाहनं वाचला आणि ती मनापासून म्हणाली, "अब्बा, एकसुद्धा चूक नाही."

त्या दिवशी त्यांना जेवण चांगलं गेलं.

सकाळी आठला दहा मिनिटं असताना चांदसाहेब विसापुरात एसटीतून उतरले. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्याला फेटा. मदन यांच्या घरापुढं मांडव होता. नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजत गाजत बस्तीला, जैन मंदिरात, दर्शनाला न्यायचं, म्हणजे परण्या, तो नऊला निघायचा होता. पांढरा घोडा येऊन उभा होता. साडेआठ झाले तरी टेम्पो दिसेना. चांदसाहेबांनी चारदा फोन लावला, कुणी उचलेना. पावणेनऊला मुजीबचाच आला. मागं त्यांचाच बँड दणक्यात वाजत होता.

"चाचा, तुमी कुठं हाय? आमी येळंवर पोचलो, सुरूबी केलं. लोकं लय खूश हायेत."

"पोचला? मग मला कसा दिसंना?"

"आमालाबी तुमी दिसंना. आन चाचा, नवरदेव जरा वयस्कर वाटतोय."

"किती?"

"पन्नाशीचा असंल. मिलिट्रीच्या ड्रेसात हाय. बायको शेजारीच उभी हाय, ती काय रागावलेली दिसंना."

तेव्हा कुठं चांदसाहेबांच्या ध्यानात आलं. विसापूर दोन आहेत. एक तासगावकडलं, आणि एक खटाव तालुक्यातलं, पुसेगावजवळ. उंब्रजच्या माणसाला विसापूर म्हटलं की ते पुसेगावचंच आठवतं. जुना मेसेज असता तर त्यात तालुका असता, मदन यांचं नाव असतं, 'सांगलीच्या रस्त्यानं या' असं असतं. चूक एकही नव्हती हे खरं, पण बाकीही काही नव्हतं. खटावच्या विसापुरात त्या सकाळी सुभेदार ज्योतिबा फौजेतून निवृत्त होऊन गावात येत होते. कमान होती, हार होते, गर्दी होती. लाल कोटातली माणसं बघून गावकरी म्हणाले, आलात का, या. आणि ते वाजवायला लागले. आता तिथून निघून इथं यायला तीन तास तरी लागणार होते.

मदन मांडवातून बाहेर आले. "मास्तर, बँड कुठाय?"

चांदसाहेबांना खोटं बोलणं जमलं नाही. टेम्पो पंक्चर झालाय म्हणावं, असं एकदा मनात आलं, पण समोर तो शांत माणूस नव्या धोतरात उभा होता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. कीबोर्डापासून सांगितलं. मदन यांना त्यातलं फक्त 'पुसेगाव' एवढं कळलं, आणि ते जवळच्या खुर्चीत बसले. मुलीकडची माणसं येऊन बसलेली, अख्खं गाव गोळा झालेलं, आणि चौदा माणसांच्या बँडच्या जागी एक क्लॅरिनेट. चाळीस वर्षांत चांदसाहेबांवर अशी वेळ आली नव्हती. आत्ता एसटी आली असती तर ते मागं न बघता चढले असते.

तेवढ्यात नवरदेवाची आई त्रिशला पदर खोचत तिथं आली. ती गावच्या हायस्कुलात खेळाची शिक्षिका होती, आणि वीस वर्षं पोरांना रांगेत उभं केल्यामुळं तिच्या बोलण्यात कमी-जास्त काही नसायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग चांदसाहेबांना विचारलं, की तुमाला लेझीमचा ताल येतो का. चांदसाहेब म्हणाले, येतो.

"शाळेच्या कपाटात चाळीस लेझमी हायेत. किल्ली माझ्याकडं हाय," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "आवं, उठा. पंद्रा ऑगस्टला ड्रम कोण वाजवायचं?"

मदन म्हणाले, त्याला पस्तीस वर्षं झाली. त्रिशला म्हणाली, मग आज छत्तीसावं.

पुढच्या वीस मिनिटांत लेझमी आल्या, शाळेचा ड्रम आला. मांडवातल्या ज्या ज्या बाईनं शाळेत त्रिशलाच्या हाताखाली लेझीम धरली होती, ती ती उभी राहिली. भावकीतल्या पोरी, सुना, शेजारणी, आचाऱ्याची बायको. नऊवारी, सहावारी, एक जीन्सवालीही होती. त्रिशलानं भरजरी शालूवर गळ्यात शिट्टी अडकवली. चांदसाहेबांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं. पहिली फुंकर जरा चिरकली. मग ड्रमवर पहिला ठोका पडला, चुकून दुसराही जागेवर पडला, शिट्टी वाजली आणि चाळीस लेझमी एकदम खळकन उतरल्या.

गावानं असा परण्या बघितला नव्हता. घोडा दहा वर्षं बँडपुढं नाचून कंटाळलेला, तोसुद्धा कान टवकारून लेझमीच्या चालीवर पाय टाकायला लागला. सम्मेद वरून आईकडं बघत होता आणि ती त्याच्याकडं न बघता 'एक, दोन, खाली, वर' म्हणत पुढं चालली होती. मदन, ज्यांचा आवाज बेदाण्याच्या सौद्यातही चढत नसे, ते ड्रम बडवत घामाघूम झाले होते आणि थांबायला तयार नव्हते. मुलीकडचे दोन म्हातारे लेझीम मागून घेऊन रांगेत घुसले. बस्ती पाच मिनिटांवर, तिथं पोचायला पाऊण तास लागला. चांदसाहेबांनी जेवढं येत होतं तेवढं सगळं वाजवलं, आणि मग जे येत नव्हतं तेही वाजवलं. तेरा माणसं बरोबर असताना इतकं मोकळं त्यांनी कधी वाजवलं नव्हतं.

अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या, तेव्हा टेम्पो आला. तेरा माणसं धुळीनं भरलेली, सगळ्यांच्या गळ्यात हार. सुभेदारांनी घातलेले. त्यांना बघून मांडवात इतका हशा झाला, की कुणी काही बोलायच्या आत मदन यांनीच हात धरून सगळ्यांना पानावर बसवलं. जेवता जेवता मुजीबनं तिकडची हकीकत सांगितली. सुभेदारांच्या स्वागताचं काम मुळात नानासोंच्या बेंजो पार्टीचं होतं. ते पोचले तोवर हे अर्धं गाव फिरून आलेले. मुजीबला वाटलं आता मारामारी होणार. पण नानासो बांधावर बसून पोट धरून हसले, आणि मग मुजीबला म्हणाले, "तुझ्या चाचांनी कीबोर्ड बदलला. पर तोंड कवा बदलणार रं?"

चांदसाहेबांचा घास हातातच राहिला. मुजीबनं पुढं सांगितलं. हॉटेलच्या बाकावर बसून चाचा मेसेज लिहितात तेव्हा एकेक शब्द मोठ्यानं म्हणतात. पहिल्यापासून. 'म... सूर... रविवार... लग्न.' नानासोंना शटरमध्ये बसल्या जागी सगळं ऐकू येतं. नव्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधावं लागतं, त्यामुळं आता चाचा एकेक अक्षर म्हणतात. नानासोंना वहीत लिहून घेता येतं.

चांदसाहेबांनी हातातला घास आमटीत बुडवून तोंडात घातला. मग म्हणाले, आमटी छान झालीय.

कीबोर्ड त्यांनी काढला नाही. मिस्बाहनं नंतर त्यात सगळी अक्षरं वर दिसतील अशी मांडणी लावून दिली आणि शब्दांची यादीही घातली, जी फोनच्या बाहेर जात नाही. आता ते घरात दार लावून, ओठ गच्च मिटून लिहितात. पहिल्या दिवशी त्यांचा आवळलेला जबडा बघून रहिमतबींनी दाढेला लवंग आणून दिली.

लेझमीच्या परण्याचा व्हिडिओ मात्र तासगावपासून साताऱ्यापर्यंत फिरला. त्याच्या शेवटी टेम्पो येताना दिसतो आणि टेम्पोवर रंगवलेला बँडचा फोन नंबरही स्पष्ट दिसतो. चौथ्या दिवशी वडूजहून एका बाईंचा फोन आला. आवाज गडबडीचा, घरात लग्न असल्याचा. चांदसाहेबांनी सावरून बसत 'बोला' म्हटलं.

बाई म्हणाल्या, त्या व्हिडिओतल्या लेझीमवाल्या मॅडम पायजेत, त्यांचा नंबर तुमच्याकडं असंल ना? चांदसाहेबांनी त्रिशलाचा नंबर दिला. बाईंनी तो लिहून घेतला, दोनदा म्हणून दाखवला, आभार मानले. फोन ठेवता ठेवता त्यांना काहीतरी आठवलं.

"आन त्यो म्होरं पिपाणी वाजवणारा म्हातारा हाय ना, लाल कोटातला? ओळखीचा असंल तर त्यालाबी सांगा. आला तर बरं हुईल."

"सांगतो," चांदसाहेब म्हणाले.